किमान देय

आमच्या जेलरोडवरून प्रेसची भिंत दिसते.
पलीकडे नोटा छापतात.
वडील तिथं चौतीस वर्षं होते, मोजणीला.
रोज संध्याकाळी गेटवर अंगझडती देऊन
रिकाम्या खिशानं घरी येत
आणि त्याचा त्यांना कोण अभिमान.

माझ्या खिशात तीन कार्डं होती.
माझी झडती कुणी घेतली नाही.

पहिलं मॉलच्या दारात एका पोरानं दिलं,
"सर, लाइफटाइम फ्री," सोबत ट्रॉली बॅग.
बॅगेचं चाक दुसऱ्या महिन्यात गेलं.
मग फ्रीज, मग भाच्याच्या लग्नातला आहेर,
मग अंबडची कंपनी
आठवड्यातून चारच दिवस चालू लागली
आणि किराणा कार्डावर आला.
किराणा आला तेव्हाच कळायला हवं होतं.

बिलात एक ओळ असते, जाड ठशात:
किमान देय रक्कम.
किती सोज्वळ शब्द!
जणू एखादा मोठ्या मनाचा शेजारी म्हणतोय,
राहू द्या हो, सध्या एवढंच द्या.
मी पाच हजार सहाशे भरायचो
आणि कॉलर नीट करायचो.

व्याज साडेतीन टक्के. महिन्याला.
साडेतीन म्हटलं की मला मुहूर्त आठवायचे,
वणीच्या गडावरचं अर्धं पीठ आठवायचं;
बारानं मी कधी गुणलंच नाही.

गुणलं ते चारुशीलानं,
फॉल-पिकोच्या वहीत, मागच्या पानावर,
गिऱ्हाइकांच्या मापांखाली:
पाच हजार सहाशे वजा तीन हजार नऊशे वीस.
"म्हणजे फिटले सोळाशे ऐंशी," ती म्हणाली,
"आणि त्याच महिन्यात दोन हजारांचं पेट्रोल
पुन्हा त्याच्यावरच."
आवाज चढवला नाही.
चढवला असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, आधी लाल मिटवू,
तेवीस हजारांचंच आहे,
एक तरी गेल्याचं समाधान.
ती म्हणाली, समाधान नंतर.
ज्या नळाला जास्त गळती
वायसर आधी त्याचा.

मग तिनं कात्री काढली,
कापडाची, दातेरी,
जी ती कुणाला कागदालासुद्धा लावू देत नाही.
तिन्ही कार्डांच्या कडा नागमोडी झाल्या,
कापड उसवू नये म्हणून
आतल्या बाजूनं कापतात तशा.

रोज दहा वाजून दहा मिनिटांनी फोन यायचा.
एक मुलगी, विशीतली असावी,
मागे शंभर जणांचा गलका.
"सर, सेटलमेंट करून टाका ना, निम्म्यात."
मला मोह झाला.
चारुशीलानं फोन हातातून घेतला:
"निम्म्यात नको. पूर्ण भरू.
व्याज उतरवा, हप्ते बांधून द्या,
आणि शेवटी कागदावर सेटल्ड नाही,
क्लोज्ड लिहायचं."
पलीकडे क्षणभर नुसता गलकाच.
मग मुलगी हळूच म्हणाली,
"ताई, फोनवर नको. लेखी मागा."

वडिलांना सांगायला दोन महिने लागले.
ते शेंगा सोलत होते. सोलत राहिले.
म्हणाले, "बंडलात शंभर.
आमच्याकडे एक कमी भरली
तर अख्खी खोली घरी जात नसे."
बऱ्याच वेळानं:
"तुझ्याकडे किती कमी?"
मी आकडा सांगितला.
त्यांनी पैसे देऊ केले नाहीत, मी मागितले नाहीत.
पण तेव्हापासून पगाराच्या दिवशी
पाकिटं तेच भरतात,
अंगठा ओल्या स्पंजला लावून,
दूध, किराणा, फी, दवाखाना, हप्ता,
दोनदा मोजून.
तिसऱ्यांदा मोजताना मी पाहिलंय,
तेव्हा ओठ हलत नाहीत,
नुसता अंगठा.

निळं संपलं फेब्रुवारीत.
मधल्याचे सात हप्ते उरलेत.
लालचा नंबर दिवाळीनंतर.

काल बिटको चौकात मेडिकलवाल्यानं
सुट्ट्या दोन रुपयांऐवजी
चॉकलेट पुढं केलं.
म्हणालो, दोन रुपये द्या.
मागं रांग होती. कुणीतरी चुकचुकलं.
मी थांबलो.